फेझमध्ये बसायच्या जागा

मोरोक्कोतल्या फेझ शहराबद्दल कुठलाही व्हिडिओ उघडा, सल्ला एकच असतो: मोबाइल खिशात टाका आणि हरवून जा. तिथलं जुनं शहर, म्हणजे मदिना, त्यासाठीच बांधलंय असं वाटतं. बाराशे वर्षांची वस्ती, हजारो गल्ल्या, काही इतक्या चिंचोळ्या की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं. मोटारींना आत जागाच नाही. सामान खेचरं आणि गाढवं वाहतात आणि त्यांना हाकणारे मागून ‘बालाक!’ ओरडतात. म्हणजे, बाजूला व्हा.

पण माझ्यासोबत आई येणार आहे. ती ६४ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात. हरवायला आधी मनसोक्त चालता यावं लागतं.

फेझ निवडलं मात्र तिनंच. मी इस्तंबूल म्हणत होते. आई छत्रपती संभाजीनगरच्या शाळेत तीसेक वर्षं इतिहास शिकवायची आणि इब्न बतूता हा तिचा लाडका माणूस. 1304 मध्ये तांजियरला जन्मलेला हा गृहस्थ एकविसाव्या वर्षी घरातून निघाला, दिल्लीला मुहम्मद तुघलकाचा काझी झाला आणि आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. किल्ल्यातल्या कोठडीतले मांजरापेक्षा मोठे उंदीर, गाणाऱ्यांचा बाजार, सगळं त्यानं सांगून ठेवलंय. परत गेल्यावर सुलतान अबू इनानच्या हुकमावरून त्यानं प्रवासाची हकीकत सांगितली, इब्न जुझय या लेखकानं ती लिहून घेतली. 1355 मध्ये ती पुरी झाली, फेझमध्ये.

“आपल्या दौलताबादचे उंदीर तिथे कागदावर उतरले,” आई म्हणाली. इस्तंबूल तिथेच बाद झालं.

दरवर्षी ती मुलांची सहल दौलताबादला न्यायची. अंधारीतून पन्नास पोरं रांगेत काढायची, सगळ्यात पुढे स्वतः. चार वर्षांपूर्वी आम्ही पाहुण्यांना घेऊन गेलो तेव्हा ती खंदकापाशीच थांबली. “तुम्ही जाऊन या, मी बसते इथे.” तेव्हापासून हे वाक्य मी लेण्यांत ऐकलंय, मॉलमध्ये ऐकलंय, एका लग्नाच्या हॉलच्या जिन्यापाशी ऐकलंय. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. त्याआधी तिला हा प्रवास करायचाय.

म्हणून मी नकाशा उलटा वाचायला घेतला: काय बघायचं यापेक्षा कुठे चढ, कुठे उतार, कुठे टेकता येईल. बाब बू जलूद या निळ्या वेशीपासून तला कबीरा नावाचा मुख्य रस्ता खाली उतरत करवियीनच्या मशिदीकडे जातो. सगळे प्रवासी तोच धरतात. पण गुडघेदुखीवाल्या कुणालाही विचारा, चढण्यापेक्षा उतरणं वाईट. तेव्हा आम्ही शहराचे दोन तुकडे केलेत. पहिल्या दिवशी वरून टॅक्सीनं बू जलूदला, आणि जवळच असलेला बू इनानिया मदरसा. तो याच अबू इनाननं बांधलेला. दुसऱ्या दिवशी लाल टॅक्सीनं खालच्या बाजूला, रसीफच्या चौकात. तिथून करवियीन जवळ. 859 मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईनं ती उभारली असं परंपरा सांगते. बिगर-मुस्लिमांना आत प्रवेश नाही. दारातून अंगण दिसतं.

तिथून काही पावलांवर सफारीन चौक. तांबटांचा. चहा मागवून बसायचं आणि हातोड्यांचा आवाज ऐकायचा, एवढंच तिथे करायचं असतं. पुण्याच्या तांबट आळीतून घेतलेला आमचा बंब आईनं अजून टाकलेला नाही, त्यामुळे तिथे दोन तास धरलेत. या चौकात कुणी कुणाला ‘जाऊन या’ म्हणणार नाही, कारण जायचं ठिकाणच ते आहे.

एक्सेल शीटमध्ये मी एक रकाना केला होता: ‘आई कुठे बसेल’. तिनं तो वाचला. मला वाटलं हसेल. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिनं स्वतः एक ओळ टाकायला लावली. शुआराचे चामडं कमावायचे हौद. दगडी हौदांत रंग, आणि वास असा की दुकानदार नाकाशी धरायला पुदिना देतात. ते बघायचे तर दुकानाच्या गच्चीवर जावं लागतं, अरुंद जिन्यानं.

“आई, जिना आहे.”

“माहितीये. मध्ययुगातले धंदे मी तीस वर्षं फळ्यावर शिकवले. बाकी सगळीकडे तू म्हणशील तिथे बसेन. गुडघे कुठे खर्च करायचे ते मी ठरवणार.”

त्या ओळीपुढचा रकाना रिकामा ठेवलाय.