वस्तरा आपला, खर्रा कोणाचा?



डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की साताऱ्यात न्हावी होते, तरी त्यांचे केस घरी मोठी बहीण कापायची. द्यायला पैसे होते, कापणारा होता. आडवी आली ती फक्त जात. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, आमच्या गावीही वेगळे काही नव्हते. म्हणून माझ्या आज्याने स्वतःच वस्तरा हातात घेतला. आधी भावांचे केस, मग साऱ्या वस्तीचे, निंबाखाली पोते अंथरून. हा धंदा आम्हाला परंपरेने मिळाला नाही, नकाराने मिळाला.

पण त्या न्हाव्याला शिव्या घालून भागत नाही. तो स्वतः बलुतेदार. सुगीला चार पायल्या धान्यासाठी पाटलाच्या दारात उभा राहणारा. आमच्या डोक्याला हात लावला असता तर गावाने त्याचेच बलुते तोडले असते. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. याच समाजातल्या कारागिरांनी १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ठरवले की विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही. एक नकार जातीच्या हुकमाने दिलेला, दुसरा तो हुकूम झुगारून दिलेला. वस्तरा तोच. तो कोणाच्या बाजूने चालतो, प्रश्न तेवढाच आहे.

पुढे बाबांनी पुलगावात सलून टाकले. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. दुकान सर्वांना खुले. काही जण फोटो बघून पायरीवरूनच परत फिरायचे. बाबांनी फोटो काढला नाही. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना, म्हणून शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले. आमच्याकडे कोणी महाराज आले नाहीत. हात चांगला होता म्हणून गिऱ्हाईक आले आणि टिकले.

सलूनला लागून काकांचा पानठेला. पान, विडी, तंबाखू आणि नंतर खर्रा. खरे बोलायचे तर आम्हा भावंडांच्या फिया सलूनपेक्षा ठेल्यानेच जास्त भरल्या. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही आली. तरी विदर्भात पन्नीवर खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. दारूबंदीच्या आपल्या जिल्ह्यातही नाहीत.

आता ठेला कोणी चालवायचा यावरून घरात वाद आहे. धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, बावीस प्रतिज्ञांत दारू आहे, खर्रा कुठं आहे? अन् कामठीच्या बाबू हरदासांनी तर विडीवाल्यांचीच बाजू घेतली होती ना?"

घेतली होती. 'जयभीम' हे अभिवादन रूढ करणाऱ्या हरदासांनी विडी कामगारांना संघटित केले, ठेकेदारांच्या पिळवणुकीविरुद्ध उभे केले. १९३७ मध्ये ते निवडून आले आणि १९३९ मध्ये, अवघ्या ३५व्या वर्षी गेले. पण त्यांनी बाजू घेतली ती विडी वळणाऱ्या हातांची, धुराची नव्हे. आणि प्रतिज्ञांत शब्द शोधत बसायचे की त्यांचा हेतू बघायचा? नशेने माणूस गुलाम होतो, म्हणून दारू नको. ज्या पोराला सकाळी खर्रा तोंडात धरल्याशिवाय कामावर जाता येत नाही, तो स्वतंत्र कसा?

भावाच्या बोलण्यातला दुसरा मुद्दा मात्र खरा आहे: ठेला बंद केला तर घर कशावर चालवायचे? या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. माझे म्हणणे असे की ठेल्याच्या जागेत दुसरी खुर्ची टाकावी आणि वस्तीतल्या दोन पोरांना काम शिकवावे. उत्पन्न सुरुवातीला कमी होईल; तो फरक माझ्या पगारातून भरायला मी तयार आहे. ठेल्याच्या पैशावर जो शिकला, त्याने निदान एवढे करायला हवे.

आपल्या चळवळीत 'आपला धंदा' म्हटले की टाळ्या पडतात. पडाव्यातच. पण मालक आपला आहे एवढ्याने धंदा आपला होत नाही. गिऱ्हाईक दुकानातून काय घेऊन बाहेर पडते, हेही बघायला हवे. सलूनमधून आपला माणूस ताठ मानेने बाहेर पडतो. ठेल्यावरून तो काय घेऊन जातो, हे ज्याच्या त्याच्या वस्तीतल्या माणसांच्या तोंडात डोकावून बघा.

जयभीम!