नेम आणि उतार

२० मे २०२३, शांघाय. तिरंदाजीच्या विश्वचषकाचा एक टप्पा, कंपाउंड प्रकारातली पुरुषांची अंतिम लढत. एका बाजूला नेदरलँड्सचा माईक श्लोसर, त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर. दुसऱ्या बाजूला बुलढाण्याचा एकोणीस वर्षांचा प्रथमेश जवकार. दोघांचे पंधरा-पंधरा बाण सुटले आणि फलकावर आकडे राहिले १४९ आणि १४८. १४९ आपल्या पोराचे.

मे महिन्यात आमच्या देऊळघाटात दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. पैनगंगेत पाणी शोधावं लागतं. अशा दिवसांत इथून काळी-पिवळीत बसलं तर चहा गार व्हायच्या आत पोहोचता येईल अशा गावचा मुलगा चीनमध्ये जगातल्या पहिल्या नंबरला हरवून आला. त्या आठवड्यात पारावर क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर बोलणं चाललं होतं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

*

पारावरच एका आजोबांनी विचारलं होतं, "दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास म्हंजे हुकला कुठं रे तो?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पंधरा बाण, प्रत्येकी जास्तीत जास्त दहा गुण. १४९ म्हणजे चौदा बाण दहात आणि एक नवात. अंतर ५० मीटर. दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे घरातल्या आमटीच्या वाटीचं तोंड. प्रत्येक बाणाला २० सेकंद. एक बाण याचा, एक त्याचा, असं आळीपाळीनं. समोरच्यानं दहा मारला की त्याच्या टाळ्या कानात असतानाच आपलं धनुष्य उचलायचं.

*

कंपाउंड धनुष्य जवळून पाहिलं तर आपल्या डोक्यातल्या धनुष्याशी त्याचं फारसं नातं उरत नाही. दोन्ही टोकांना चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या तारा, पुढं लांब दांडी, दोरीत अडकवलेलं बारीक भोक आणि समोर भिंग. नियमाप्रमाणं ताण ६० पौंडांपर्यंत चालतो, म्हणजे साधारण २७ किलो. दोरी ओढताना हा सगळा भार खांद्यावर आणि पाठीवर येतो. पूर्ण ओढली की चाकं फिरून जागेवर बसतात आणि हातात जेमतेम सहा-आठ किलोच राहतात. मग नेम धरून उभं राहता येतं.

खरी कसोटी इथूनच सुरू होते. भिंगातला ठिपका कधीच पूर्ण स्थिर होत नाही. छातीच्या ठोक्याबरोबर तो हलतो. तो दहावर आला की सोडायचा, असं करू गेलं तर बाण हमखास बाहेर जातो, कारण मन घाई करतं आणि बोट झटका देतं. शिकवणारे सांगतात की ठिपका हलू दे, तू पाठ आवळत राहा. दोरी सोडायचं छोटं यंत्र हातात असतं. पाठीचा ताण पुरेसा झाला की ते आपोआप सुटतं. कधी सुटणार हे खुद्द तिरंदाजालाही नेमकं कळू नये, तेव्हा तो बाण चांगला. मग अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळात पन्नास मीटर पार.

नवशिक्याला पहिले कित्येक दिवस बाण देतच नाहीत. रबर ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. पोरं कंटाळतात. काही सोडून जातात.

*

हे सगळं सोसून टिकणारी माणसं येतात कुठून, हा विचार करताना मला जर्मनीतली एक बाई आठवते. काट्या झाइझिंगर. बर्फाच्या उतारावरून स्कीवर सुसाट येणाऱ्यांच्या शर्यतीत १९९० च्या दशकात तिचा दरारा होता. ती जन्मली डाटेल्न नावाच्या गावात, १९७२ मध्ये. डाटेल्न जर्मनीच्या वायव्येला रूहर भागात आहे. कोळशाच्या खाणी, मालवाहू होड्यांचे कालवे, सपाट जमीन. आल्प्स तिथून शेकडो किलोमीटर दूर.

त्या सपाट गावात जन्मलेल्या मुलीनं १९९४ मध्ये नॉर्वेच्या लिलहामर ऑलिंपिकमध्ये उताराच्या शर्यतीचं सुवर्ण घेतलं आणि १९९८ मध्ये जपानच्या नागानोत पुन्हा घेतलं. ही शर्यत लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये तोवर कुणी पुरुषानंही जिंकली नव्हती. नागानोत संयुक्त शर्यतीचं सुवर्णही तिचंच. त्या दिवशी पहिले तिन्ही क्रमांक जर्मन मुलींचे होते. विश्वचषकात ३६ विजय, आणि १९९६ व १९९८ असं दोनदा सर्वंकष विजेतेपद.

घरच्यांना तिला डोंगरात नेणं परवडत होतं, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. गावात उतार नसला तरी उतारापर्यंतची वाट तिला मोकळी होती. आपल्याकडच्या खेळाडूची गोष्ट सांगताना आपण नेहमी जिद्दीपासून सुरुवात करतो. मला वाटतं, वाटेपासून करावी. जिद्द आमच्या देऊळघाटातही आहे. मुलाला मैदानावर रोज कोण पोहोचवतं, तिथं कोण उभं असतं आणि सामानाचे पैसे कोण भरतं, हे आधी पाहावं.

*

बुलढाण्यात मैदानावर उभा असलेला माणूस म्हणजे चंद्रकांत इलग. पोलीस दलातले. त्यांच्या हाताखाली जिल्ह्यातली पोरं-पोरी तिरंदाजी शिकली, त्यांतलाच प्रथमेश. मोनाली जाधवही त्यांचीच शिष्या. बुलढाणा पोलिसांतली ही शिपाई मुलगी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगडूला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत उतरली आणि सुवर्ण घेऊन आली. खाकी गणवेशातल्या मुलीच्या गळ्यात पदक, हा फोटो इथल्या आयांनी मोबाइलवर एकमेकींना पाठवला होता.

मोठी शहरं, विमानतळ, खेळाची मोठी संकुलं यांपैकी काहीही नसताना एका जिल्ह्याच्या गावातून एकापाठोपाठ एक तिरंदाज निघतात, त्याला योगायोग म्हणणं मला पटत नाही. एक माणूस एका जागी वर्षानुवर्षं टिकला, म्हणून हे झालं. साताऱ्यातही असंच आहे. तिथं प्रवीण सावंत आहेत. त्यांच्याकडं शिकलेली अदिती स्वामी आणि नागपूरहून तिथं जाऊन सराव केलेला ओजस देवतळे, दोघंही ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंडचे वैयक्तिक विश्वविजेते झाले. अदिती सतरा वर्षांची होती. ओजसनं अंतिम फेरीत पंधराच्या पंधरा बाण दहात मारले. १५०. जर्मनीच्या राजधानीत एकाच दिवशी दोन मराठी मुलं जगात पहिली आली, आणि आपल्याकडं तो दिवस फार लवकर मागं पडला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

*

खर्चाचं टिपण. मोठ्या स्पर्धेला चालेल असं कंपाउंड धनुष्य, भिंग, दांड्या, बाण असं सगळं धरून अडीच लाख तरी लागतात. २०२३-२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४६०० रुपये होता. म्हणजे चोपन्न क्विंटल सोयाबीन. आमच्याकडच्या कोरडवाहू रानात एकरी सहा-सात क्विंटल झाले तरी माणूस देवाला नारळ फोडतो. आठ-नऊ एकरांचं सगळं पीक एका धनुष्याला, आणि तेही बियाणं, खत, फवारणी, सोंगणी यांतलं काहीच वजा न करता. शिवाय बाण वाकतात, फुटतात. आधीच्या बाणावर पुढचा बसला तर दोन्ही जातात. चांगला कार्बनचा एक बाण काही हजारांचा. पोरगा चांगला मारू लागला की बाण जास्त फुटतात, कारण सगळे एकाच जागी जातात.

आणि मूल वाढत असतं. उंची वाढली की दोरी ओढण्याची लांबी बदलते, ताकद वाढली की ताण बदलतो.

*

सप्टेंबर २०२३. मेक्सिकोतलं हर्मोसियो. वर्षभरातल्या निवडक तिरंदाजांची विश्वचषक अंतिम स्पर्धा. प्रथमेश तिथं पहिल्यांदाच उतरला होता. उपांत्य फेरीत पुन्हा श्लोसर. या वेळी प्रथमेशचे १५०, त्याचे १४९. एकही बाण दहाबाहेर नाही. श्लोसरला एका वर्षात दोनदा, दोन्ही वेळा एका गुणानं हरवलं.

अंतिम लढत डेन्मार्कच्या माथियस फुलर्टनशी. दोघांचेही १४८. मग एकेक बाण. फुलर्टनचा दहात, प्रथमेशचाही दहात. कुणाचा मधल्या बिंदूच्या जास्त जवळ ते पाहिलं गेलं. फुलर्टनचा. प्रथमेशला रौप्य.

ही लढत मला शांघायच्या विजयापेक्षाही मोठी वाटते. गुणफलकावर जिथं दोघं सारखेच, दोघांचाही शेवटचा बाण दहात, तिथं चूक कुणाची म्हणायची? कुणाचीच नाही. पण आपल्याकडं रौप्यपदक घेऊन आलेल्या मुलाला भेटणारा प्रत्येक जण आधी विचारतो, सुवर्ण कसं काय हुकलं रे?

*

यावरून रोझी मिटरमायर आठवते. तीही जर्मन, पण ही खरीखुरी डोंगरातली, बव्हेरियातल्या राइट इम विंकल गावाजवळची. १९७६ मध्ये इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये तिनं उताराची शर्यत जिंकली. तोवरच्या इतक्या वर्षांत विश्वचषकात ही शर्यत तिला एकदाही जिंकता आली नव्हती. मग स्लालम ही वळणांची शर्यतही जिंकली. तिसरी शर्यतही जिंकली असती तर महिलांच्या तिन्ही शर्यती एकाच ऑलिंपिकमध्ये जिंकणारी ती पहिली ठरली असती. कॅनडाच्या कॅथी क्रायनरनं तिला ०.१२ सेकंदांनी मागं टाकलं.

जर्मन लोकांनी ते ०.१२ सेकंद तिच्या डोक्यावर बसवले नाहीत. 'गोल्ड-रोझी' म्हणून तिला आयुष्यभर जीव लावला. जानेवारी २०२३ मध्ये ती गेली तेव्हाही याच नावानं तिची आठवण निघाली. खेळाडूवर प्रेम करायला ही लोकं शिकलीत. आपणही शिकावं, असं फार वाटतं.

*

५ ऑक्टोबर २०२३, हांगचौ आशियाई स्पर्धा. पुरुषांचा कंपाउंड संघ : अभिषेक वर्मा, ओजस देवतळे, प्रथमेश जवकार. समोर दक्षिण कोरिया. कोरियात तिरंदाजी किती खोल रुजली आहे, ते वेगळं सांगायला नको. आपले २३५, त्यांचे २३०. सुवर्ण. त्या स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णं भारताकडं आली.

इकडं सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. बांधावर बसलेली माणसं मोबाइलभोवती गोळा झाली होती. संघाच्या लढतीत तिघांनी मिळून चोवीस बाण मारायचे असतात आणि वेळ सगळ्यांत मिळून वाटून घ्यायचा असतो. आधीच्यानं उशीर लावला तर मागच्याला घाई होते. एकट्यानं उभं राहायची सवय झालेल्या खेळाडूला हे जड जातं. तिघांपैकी दोघं विदर्भाचे, हे ऐकून बांधावर जो आवाज झाला तो मी विसरणार नाही.

*

असे आनंद टिकतातच असं नाही. झाइझिंगरच्या कारकिर्दीचा शेवट आठवला की मन खिन्न होतं. नागानोत दोन सुवर्णं मिळाली आणि चार महिन्यांनी, जून १९९८ मध्ये, सरावात ती पडली. दोन्ही गुडघ्यांना मोठी दुखापत. पुढच्या वर्षी निवृत्ती. वय सव्वीस. आणि हा तर सौम्य शेवट. तिच्याच काळातली ऑस्ट्रियाची उल्ली मायर जानेवारी १९९४ मध्ये गार्मिशच्या उतारावर शर्यतीतच गेली. तीन आठवड्यांत झाइझिंगर ऑलिंपिकच्या उतारावर उभी होती. त्या दिवशी तिनं खाली कसं पाहिलं असेल, ते मला सुचत नाही.

तिरंदाजीत असा जीवघेणा उतार नाही. इथं खांदा झिजतो, पाठ धरते, आणि कधी कधी मनच हटून बसतं. ठिपका दहावर आला तरी बोट हलत नाही, किंवा नेम धरायच्या आधीच बाण सुटतो. चांगले चांगले तिरंदाज यात अडकतात. यावर औषध नाही, फक्त वेळ आणि समजून घेणारा शिक्षक.

*

कंपाउंड आजवर ऑलिंपिकमध्ये नव्हतं. प्रथमेश, ओजस, अदिती यांनी जगज्जेतेपदाच्या पातळीवर खेळूनही त्यांना ऑलिंपिकचं दार बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये निर्णय झाला की लॉस एंजेलिस २०२८ मध्ये कंपाउंड येणार, पण फक्त मिश्र सांघिक प्रकारात. एका देशाची एकच जोडी, एक मुलगा, एक मुलगी. भारतात या खेळात आज जेवढी गुणी मुलं आहेत, त्यांतल्या फक्त एकाला आणि एकीला ती जागा मिळेल. ती कुणाला मिळते हे पाहायला मी अधीर झालो आहे, आणि नाही मिळणार त्यांच्यासाठी आत्तापासून जीव तुटतो.

*

आमच्या गावात सत्कार चांगले होतात. हार, शाल, श्रीफळ, डीजे. त्यातल्या एका सत्काराच्या पैशात काय होईल त्याचा हिशोब मी मांडला. तिरंदाजीला पन्नास मीटरची सपाट पट्टी लागते आणि लक्ष्याच्या मागं भरपूर मोकळी जागा किंवा उंच मातीचा बांध, म्हणजे चुकलेला बाण कुणाला लागणार नाही. बाजूनं गुरं-माणसं येऊ नयेत म्हणून कुंपण. मैदान असं आखायचं की बाण उत्तरेकडं जाईल, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही. सुरुवातीला दोन-तीन साधी धनुष्यं पुरतात, महागडं कंपाउंड पुढं. शिकवायला आठवड्यातून दोनदा बुलढाण्याहून कुणी आलं तरी चालेल, रस्ता चांगला आहे.

गावठाणाला लागून अशी जागा आहे. उत्तरेच्या बाजूला वस्ती नाही. बांध घालायला सोंगणी उरकल्यावर ट्रॅक्टर आणि माणसं दोन्ही मोकळी असतात. ग्रामसभेत विषय ठेवायला अर्ज लिहून झाला आहे.