मोटारीचे मौनव्रत

सांगलीकडील देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून मोटार केल्याचे 2021 साली गाजले, तेव्हापासून आमच्या चिरंजिवांना हे वेड! अंबाजोगाईच्या आमच्या परसात जुन्या जीपच्या चासीवर त्यांची दोन आसनी, उघडी मोटार उभी राहिली. रूप जुन्या विलायती गाडीचे, आवाज पिठाच्या गिरणीचा.

शेजारच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या. एका रात्री त्यांचा मुलगा दारात हात जोडून उभा राहिला. मी शरमलो आणि चिरंजिवांना भलतेच बोलून गेलो, "घाल ती भंगारात!" पुढे चार दिवस अबोला.

रविवारी तो एकटाच गाडीखाली शिरला. मी मुकाट्याने बॅटरी धरली. जुन्या बाजारातल्या त्या सायलेन्सरमध्ये भोकांच्या नळीभोवतीची ग्लासवूल पार जळून गेली होती. ती त्याने नव्याने गच्च भरली. इंजिनाजवळचे फाटके गॅस्केट बदलले. आनंदवर्धनाचा ध्वनिविचार मी वीस वर्षे शिकवतो. ध्वनी असा जिरवता येतो, हे मात्र गाडीखाली कळले!

"बाबा, उजेड जरा इकडे," तो म्हणाला. अबोला तिथेच सुटला.

परवा तो परळीहून रात्री उशिरा आला. मी जागाच होतो, तरी कळले नाही. खिडकीतून पाहिले, आजींकडचा दिवा मालवलेला होता.