दिवसांचा हिशेब

आमच्या नाहूरला २००६ साली रेल्वे स्थानक झाले. त्यापूर्वी गाडी पकडायची तर भांडुप किंवा मुलुंड गाठावे लागे. त्या पायपिटीत आम्ही उभयतांनी मिनिटे मोजली. दिवस मोजायला मात्र आम्हांला आमच्या लेकीने शिकविले.

सप्टेंबर २०१९ मध्ये ती व जावई कायम निवासाचा परवाना घेऊन कॅनडाला गेली. ‘कायम’ या शब्दावर आम्ही भाबडेपणाने विसंबलो. प्रत्यक्षात तो परवाना टिकवायचा तर पाच वर्षांत किमान ७३० दिवस त्या भूमीवर राहावे लागते. नागरिकत्व हवे असेल तर अट अधिक कडक: अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस. म्हणजे राखण्यासाठी दोन वर्षे, मिळविण्यासाठी तीन. शिवाय हे दिवस बँकेतल्या ठेवीप्रमाणे साठून राहत नाहीत. हिशेब नेहमी मागच्या पाच वर्षांचाच होतो. त्याहून जुने दिवस आपोआप गळून पडतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आजीला अर्धांगवायूचा झटका आला आणि लेक धावत आली. तोवर तिचे सुमारे ८०० दिवस भरले होते. परवान्याची अट पुरी झाली होती, नागरिकत्वाला २९५ दिवस उणे होते. महिनाभर राहीन म्हणून आलेली ती चौदा महिने राहिली. आजीला भरविणे, कूस बदलणे, रात्री उशाशी बसून रोझरी म्हणणे, सारे तिनेच केले. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आम्ही मात्र रोज एक फुली मारीत होतो. कॅनडाच्या कायद्यात परवाना जाण्याची वेळ आल्यास मानवतेच्या कारणांचा विचार करण्याची तरतूद आहे. पण आजीच्या सेवेचे दिवस निवासात धरले जात नाहीत.

“बाळ, तू परत जा. तिथले दिवस वाया जाताहेत,” असे आम्ही एकदा म्हणालो.

“बाबा, ते दिवस मी पुन्हा भरून काढीन. आजीचे कुठून आणू?” ती उत्तरली. त्या दिवसापासून फुल्या थांबल्या. खरे सांगायचे तर तिने जावे असे आम्ही तोंडाने म्हणत होतो, मनाने नव्हे; आणि जावई तिकडे एकटे आहेत, याचा विचार आम्ही फारसा केला नाही. तो दोष आमचा.

डिसेंबर २०२२ मध्ये, नाताळच्या आधी, आजी प्रभूघरी गेली. जानेवारीत लेक परतली. उरलेले दिवस भरून २०२३ च्या अखेरीस तिने अर्ज केला आणि पुढल्या ऑगस्टमध्ये शपथ घेतली.

आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेताच भारताचे संपुष्टात येते. पारपत्र परत करावे लागते. २००५ पासून मिळणाऱ्या परदेशस्थ भारतीय नागरिक या ओळखपत्रावर आयुष्यभर येता-जाता येते; मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानापूर्वी आम्ही मतदारयादी पाहिली. आमच्या नावांखाली तिचे नाव होते. ते वगळण्यासाठी नमुना सातचा अर्ज आम्हांलाच भरायचा होता. लेकीचे नाव आपल्याच हाताने खोडायचे, म्हणून तो कागद चार दिवस टेबलावर पडून राहिला.

संत पौल जन्माने रोमी नागरिक होता. त्याला बांधणाऱ्या सरदाराने तेच नागरिकत्व मोठी रक्कम मोजून मिळविले होते. आमच्या लेकीने दिवस मोजले, आणि त्यांतले चौदा महिने आपल्या आजीला दिले.

पाचव्या दिवशी आम्ही अर्ज भरून दिला. स्वयंपाकघरातली ती जुनी दिनदर्शिका मात्र अजून काढलेली नाही.