फोटोत वाचन ऐकू येत नाही

फोनवरून शिकवायला बसलं की शिक्षकाची निम्मी विद्या बाद होते. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं असलं तरी मागच्या रांगेत काय चाललंय ते आम्हाला कळतं. कुणाचा चेहरा पडलाय, कोण उपाशी आलंय, कुणाला येत असूनही बोलायचं धाडस होत नाही, हे सगळं डोळेच सांगतात. फोनवर उरतो तो फक्त कान. आणि कानाने शिकवायचं कसं, हे डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. मधल्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं ब्रीद होतं. दीक्षा ॲपच्या लिंका येत होत्या, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागत होती. कार्यक्रम चांगला होता, ज्यांच्या घरी टीव्ही होता ती पोरं आवडीने बघायची. पण मी आधी माणमध्ये नोकरी केलेली आणि नंतर जतला आलेलो. सातारा आणि सांगली म्हटलं की लोकांना कृष्णाकाठचा ऊस आठवतो. या दोन जिल्ह्यांची दुष्काळी टोकं, माण आणि जत, एकमेकांसारखीच आहेत. घरात फोन एकच, तोही बऱ्याचदा बटणांचा. तो सकाळी बापाच्या खिशातून द्राक्षबागेत मजुरीला जातो आणि अंधार पडल्यावर परत येतो. हंगामात काही घरं फोनसकट ऊसतोडीला निघून जातात, ती थेट उन्हाळ्यातच भेटतात.

माण तालुक्यातल्या विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे बालाजी जाधव यांनी याच अडचणीतून वाट काढली. स्मार्टफोन नसलेल्या मुलांना साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉलने जोडून घ्यायचं आणि गोष्ट सांगायची. ही बातमी आमच्याकडे पोचली तेव्हा आम्हीही तसं करून पाहिलं. एकाला लावायचा, त्याला थांबवून दुसऱ्याला, मग दोघांना जोडायचं, मग तिसरा. चौथा लागेपर्यंत पहिल्याची रेंज जायची. रेंजसाठी पोरं माळवदावर चढायची आणि गणिताच्या मधेच वारा घोंघावायला लागायचा.

त्यातून काही गोष्टी हाताला लागल्या. वर्गात आम्ही आधी प्रश्न विचारतो, जरा थांबतो आणि मग नाव घेतो, म्हणजे सगळ्यांनाच विचार करावा लागतो. फोनवर हे उलटं करावं लागतं. आधी नाव, मग प्रश्न. नाहीतर एक तर सगळी गप्प, नाहीतर सगळी एकदम. ‘समजलं का?’ हा प्रश्न फोनवर कुचकामी, कारण त्याचं उत्तर कायम ‘हो’च येतं. आणि उत्तराची वाट वर्गापेक्षा जास्त वेळ बघावी लागते. आवाज उशिरा पोचतो हे एक कारण. दुसरं असं की पोरगं एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने शेळीचं दावं धरून उभं असू शकतं.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती माझी नाही, आमच्या शाळा-केंद्रातल्या एका बाईंची आहे. त्या काळात बहुतेक शाळांची रीत अशी होती की मुलांनी गृहपाठाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा आणि संध्याकाळी शिक्षकाने यादी लावायची. ज्याचा आला त्याच्यापुढे बरोबरची खूण, ज्याचा नाही त्याच्यापुढे फुली. वरिष्ठांना अहवाल द्यायलाही यादी बरी पडायची. बाईंच्या यादीत चौथीतल्या एका मुलीपुढे रोज फुली असायची. घरी बटणांचा फोन, फोटो निघणार कुठून? शेजारच्या घरातून एकदोनदा पाठवून झाला, मग त्यांनीही कां-कू केलं. त्या मुलीच्या घरी गट दिसत नसला तरी यादी गावभर दिसत होती. ‘तुझ्यापुढे आजपण फुली’ हे तिला पाण्याच्या टाकीवर ऐकायला मिळायचं.

अशा वेळी माझ्यासारख्याने काय केलं असतं? तिच्यासाठी सवलत लिहिली असती. ‘अमुक विद्यार्थिनीकडे फोन नसल्याने तिला फोटोतून सूट.’ मनाने चांगलीच गोष्ट, पण त्या एका ओळीने तिची गरिबी गटावर जाहीर झाली असती. बाईंनी तसं काही लिहिलं नाही. एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसाठी सूचना टाकली की उद्यापासून गृहपाठाचा फोटो कुणीच पाठवायचा नाही. रात्री जेवणं झाल्यावर बाईंना मिस कॉल द्यायचा, बाई उलटा फोन लावतील, मग वहीतलं लिहिलेलं वाचून दाखवायचं. यादी बंद.

गावात थोडी कुरकुर झाली. पोरासाठी नवा फोन हप्त्यावर घेतलेल्या एका पालकाने विचारलं, “बाई, मग हा फोन घेतला कशाला आम्ही?” बाई म्हणाल्या, “दादा, फोटोत वाचन ऐकू येत नाही.” विषय तिथेच संपला. खरं कारण त्यांनी त्या पालकाला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही, आम्हालाही बऱ्याच महिन्यांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत, चहाच्या वेळी, सहज बोलता बोलता कळलं.

रात्री साडेआठच्या पुढे मुलीचा मिस कॉल यायचा. बाप जेवत असायचा, फोन तिच्या हातात. पहिले काही दिवस ती पुटपुटल्यासारखं वाचायची. मग बाईंच्या लक्षात आलं की जोडाक्षर आलं की ती अडत नाही, आधीचाच शब्द दोनदा म्हणून वेळ काढते. ‘पाऊस पाऊस... परश्न.’ वर्गात हे तीन वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, कारण वर्गात ती चाळीस आवाजांच्या सुरात सूर मिसळायची. बाईंनी तिला टोकलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या गृहपाठात सगळ्यांनाच जोडाक्षरांचे दहा शब्द दिले. आणखी एक उलगडा झाला. ज्यांचे फोटो सुबक यायचे त्यांच्यातल्या काहींना स्वतःची वही वाचता येईना. अक्षर ताईचं होतं!

मदत एकाला हवी असते, पण ती एकट्याच्या नावाने दिली की उपकार होते, आणि सगळ्यांचा नियम करून दिली की कुणाला मान खाली घालावी लागत नाही. आमच्या भागात ही शिकवण नवी नाही. वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकाच स्वयंपाकघरात जेवायची आणि कामंही सगळ्यांनीच करायची. ‘कमवा आणि शिका’ ही गरिबाला दिलेली सवलत नव्हती, तो तिथला दिनक्रम होता. म्हणून त्यातून बाहेर पडलेला पोरगा ‘मी कष्ट करून शिकलो’ असं ताठ मानेने सांगतो, ‘मला शिकवलं’ असं म्हणत नाही. वसतिगृहाच्या खर्चासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं.

आमच्या बाईंची तुलना भाऊराव-लक्ष्मीबाईंशी करण्याचा इरादा नाही, बाईंना ते आवडणारही नाही. त्यांच्या घरचे मात्र वैतागले होते, कारण रोज रात्री दीडदोन तास फोन, आणि स्वतःची दोन पोरं शेजारी आईची वाट बघत बसलेली. सगळं साधलं असंही नाही. ऊसतोडीला गेलेल्या दोघा भावंडांचा फोन लागलाच नाही, ती परत आली तेव्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली. नियम कितीही चांगला असला तरी फोनच नसलेल्या कोपीत तो पोचत नाही.

आता शाळा भरते, गटावर फुल्यांची यादी लागत नाही. पण सूचना काढायची आमची खोड गेलेली नाही. ‘उद्या येताना रंगीत कार्डशीट आणा.’ ‘सहलीचे पैसे शुक्रवारपर्यंत.’ ‘वाढदिवसाला शाळेला एक पुस्तक भेट द्या.’ अशी सूचना लिहून झाली की सही करण्याआधी मी हजेरीपट उघडतो आणि यातलं कोणाला जमणार नाही ते नाव शोधतो. सापडलं, तर त्याला सूट देत नाही, सूचनाच बदलतो. कार्डशीटऐवजी जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालते, आणि ती सगळ्यांनीच आणायची.