रीळ उघडलं की मासा कळतो

नाशिकच्या गंगापूर रोडवर बसून मी समुद्रातल्या मासेमारीची रिळं दुरुस्त करतो, हे ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "पापलेट लागतं का हो गळाला?" नाही लागत. २०२३ साली ज्याला महाराष्ट्राचा राज्यमासा केलं, ते पापलेट जेलीफिशसारखे मऊ जीव आणि पाण्यात तरंगणारे बारीकसारीक किडे टिपून जगतं. तोंड एवढंसं. तुम्ही गळाला लावलेला बांगड्याचा तुकडा त्याच्या समोरून गेला काय नि न गेला काय. ते जाळ्याचं गिऱ्हाईक. गळाचं गिऱ्हाईक वेगळं, आणि त्यातलं बरंचसं खडपात राहतं.

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणं. जाळ्यावर पोट असलेला कोळीसुद्धा फावल्या वेळात खडपावर गरवायला बसतो, कारण खडपावर जाळं टाकलं तर ते फाटूनच वर येतं. तिथे गरीच हवी.

आनंदवलीकडे जाताना डाव्या हाताला एका बंगल्याच्या मागे माझी खोली आहे. टेबलावर दिवा, ग्रीसचे डबे, बेअरिंगच्या पुड्या आणि खाऱ्या पाण्याचा तो वास, जो आमच्या सोसायटीतल्या काकूंना 'मेलेल्या उंदराचा' वाटतो. वर्षातून पाच-सहा वेळा मी चार-पाच जणांना घेऊन मालवण, निवती, वेंगुर्ल्याकडे जातो. उरलेला वेळ या टेबलाशी. जे शिकलो त्यातलं निम्मं होडीत शिकलो आणि निम्मं इथे, दुसऱ्यांची बिघडलेली रिळं उघडून.

रिळात एक ब्रेक असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. एकावर एक रचलेल्या कार्बनच्या किंवा फेल्टच्या चकत्या. ठरवलेल्यापेक्षा जास्त ताण आला की फिरकी घसरते आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तुटण्याऐवजी सुटत जातो. आमचा साधा हिशेब असा, की तंगूस वीस किलोचा असेल तर ड्रॅग सहा-सात किलोवर लावायचा, साधारण एक तृतीयांश. मासा लागल्यावर माणूस हा हिशेब विसरतो आणि गुंडी पिळतो. मग रीळ माझ्याकडे येतं.

चकत्या काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या, वंगण जळून काळं पडलेलं, असं दिसलं की तो गेदर किंवा मोठा कुपा होता. चकत्यांना फारसं काही झालेलं नाही, पण गिअरचे दात उडालेत आणि हँडलचा दांडा वाकलाय, तर गोब्रा. तंगूस कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ तुटलेला असेल तर सुरमई. शेवटचा वीस-पंचवीस फूट तंगूस खरवडून केसाळ झालेला असेल तर मासा कुठलाही असो, तो खडपात शिरला होता आणि तुम्ही त्याला शिरू दिलं होतंत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मासा जसा ओढतो तसाच तो लागतो. ओढ आणि चव एकाच मांसातून येतात.

गोब्र्यापासून सुरू करतो, कारण तो मला सगळ्यांत जास्त आवडतो. मुंबईकडे हेकरू म्हणतात तो हाच. हा घर सोडून हिंडत नाही. कपारीत बसून राहतो, समोरून काही गेलं की तोंडाचा दरवाजा एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. आयुष्यभर त्याला लागतात त्या दोन-चार सेकंदांच्या झेपा, लांबचा प्रवास नाही. म्हणून त्याचं मांस जवळजवळ सगळं पांढरं. पांढरा स्नायू प्राणवायूची वाट न पाहता साठवलेल्या साखरेवर झटका देतो आणि तितक्याच लवकर थकतो. गोब्र्याची लढाई पाच सेकंदांची असते. गरी लागली की तो एकच गोष्ट करतो, घरी जातो. त्या पाच सेकंदांत तुम्ही त्याचं तोंड फिरवलंत तर तो तुमचा, नाही तर कपारीत शिरून कल्ले फुगवून असा अडकून बसतो की होडी ओढली तरी निघत नाही.

माझा पहिला मोठा गोब्रा असाच आत गेला. मी दात-ओठ खाऊन ओढत होतो. आमच्या होडीचे तांडेल मागे विडी पेटवत म्हणाले, "गप रव. सैल सोड. घरात गेलेलो माणूस भूक लागली की भायर येताच." तंगूस सैल सोडला. पाच मिनिटं, सात मिनिटं. तंगूस हळूच एका बाजूला सरकायला लागला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मी ओढला. बाहेर आला. ही युक्ती आजवर दहातून चार-पाच वेळा तरी चालली आहे.

त्याच्या मांसाच्या जाड, पांढऱ्या, सुट्या पाकळ्या होतात, त्या या आळशीपणामुळे. चव सौम्य, आणि कातडीत व डोक्यात चिकट द्रव्य भरपूर, म्हणून डोक्याचं कालवण. पण त्याच दिवशी खाऊ नये, हे माझं ठाम मत. धरल्या दिवशी तो ताठ असतो, शिजवला की रबरासारखा आखडतो. बर्फात एक रात्र काढलेला गोब्रा आणि ताजा गोब्रा हे दोन वेगळे मासे आहेत. होडीवरून उतरल्या उतरल्या तळून खाण्याची हौस असणाऱ्यांनी बांगडा खावा.

आणखी एक. बहुतेक जातींचे गोब्रे आधी मादी असतात आणि मोठे झाले की नर होतात. म्हणजे मोठमोठे गोब्रेच काढत गेलो तर त्या खडपावरचे नर संपतात. राक्षसी गोब्र्याचं नाव तर वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे, त्याला हात लावायचा नाही. आमच्या होडीवर मध्यम आकाराचे दोन गोब्रे झाले की गोब्र्याची गरी बंद. यावरून माझी दोन गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

गेदर याच्या अगदी उलटा. तो थांबतच नाही. टुना जातीचे मासे, गेदर काय नि कुपा काय, कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवण्यासाठी सतत पोहतात. थांबले तर गुदमरतात. म्हणून त्यांच्या अंगात लाल स्नायूचा मोठा पट्टा असतो, प्राणवायू साठवणाऱ्या द्रव्याने भरलेला. शिवाय त्यांच्या रक्तवाहिन्यांची जाळी अशी विणलेली असते की स्नायूंत तयार झालेली ऊब बाहेर न जाता आतच फिरते, आणि त्यांचं अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम राहतं. माशाचं रक्त थंड, हे आपण शाळेत शिकलो ते इथे लागू पडत नाही. गेदर लागला की रीळ किंचाळतं. तो खडपात शिरत नाही, सरळ खोल जातो, आणि शेवटी होडीखाली गोल-गोल घिरट्या घालत राहतो. प्रत्येक घिरटीला तुम्ही दोन हात तंगूस कमावता आणि दीड हात गमावता. माझ्या टेबलावरच्या जळक्या चकत्या या घिरट्यांच्या.

एका ट्रिपला एकाने हट्ट धरला की बारीक तंगुसावरच मोठा कुपा काढणार. चाळीस मिनिटं लागली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. संध्याकाळी कापला तर आतलं मांस फिकट, पाणचट, उकडल्यासारखं. खाल्लं तर आंबूस आणि कोरडं. माशाने चाळीस मिनिटं जीव तोडून ओढलं, त्यात अंगाची ऊब वाढली, आम्ल साठलं आणि मांस आतल्या आत शिजल्यासारखं झालं. जपानी लोकांना हा दोष चांगला ठाऊक आहे, जळकं मांस अशाच अर्थाचा त्यांचा शब्द आहे. तेव्हापासून माझा नियम असा, की जाड तंगूस, छोटी लढाई, वर आल्या आल्या मेंदूत टोचणी, कल्ल्याखाली काप देऊन रक्त वाहू देणं, आणि लगेच बर्फात. नुसत्या बर्फात नाही, बर्फ आणि समुद्राचं पाणी कालवून. ते मिश्रण शून्याच्याही खाली जातं आणि माशाला चहूबाजूंनी कवटाळतं, बर्फाच्या खड्यांसारखं जागोजाग टोचत नाही.

आपल्याकडे कुप्याला मान नाही. "काळं मटण" म्हणून त्याची टर उडवतात. दोष कुप्याचा नाही. रक्त न काढता उन्हात पडलेला मासा तळून चामडं करायचा आणि मग नावं ठेवायची! त्यात धोकाही आहे. गेदर, बांगडा, सुरमई हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, आणि उकळून, तळून ते जात नाही. नीट रक्त काढलेला गेदर तिरफळं घालून केला तर काय लागतो, हे मी इथे लिहून समजणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे. तांबोशी वाजवते. दुसरा शब्द नाही, रॉडच्या टोकावर डोक्याचे ठोके बसतात, ठक-ठक-ठक. पहिली बुडी जोरदार, पण खोल पाण्यातून वर आणली की अर्ध्या वाटेत हात टेकते. ती हार नव्हे. वर येताना दाब कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे तटतात. असा मासा सोडला तरी बुडू शकत नाही, पालथा तरंगतो आणि घारी-गरुडांचा होतो. म्हणून खोल खडपावर "धरून सोडू" हे बोलणं फसवं आहे. तिथे जेवणापुरते मासे धरायचे आणि गरी वर घ्यायची. खेकडे-कोळंबी खाऊन वाढलेल्या तांबोशीचं मांस गोडसर आणि घट्ट. मला विचाराल तर सुरमईपेक्षा सरस.

सुरमईबद्दल सगळं सगळ्यांना ठाऊक आहे. तंगुसाच्या टोकाला वीतभर स्टीलची तार लावा, नाही तर ती दातांनी कापून जाते. वीज चमकावी तशी एक धाव, आणि संपलं. सकला, ज्याला कोकणात मोडसो म्हणतात, तो लबाड. ओढत नाही, कुत्र्यासारखा होडीजवळ चालत येतो. नवखा माणूस खूश होऊन त्याला आत घेतो आणि मग तो होडीत दंगा सुरू करतो. माझी एक टॅकलपेटी, दोन थर्मास आणि एकाचा चष्मा त्याच्या खाती जमा आहेत. मांस मात्र अप्रतिम, लोण्यासारखं. कोकर चपट्या अंगाची आडवी ढाल करून ओढतो, किलोमागे त्याच्याइतका झगडणारा मासा आपल्या किनाऱ्यावर नाही. खायला ठीक. मोठा असेल तर ठीकही नाही. तो सोडावा.

आता नाशिककरांचा प्रश्न. आम्हाला घरामागे गंगापूर धरण आहे, तिथले रोहू-कटला खाऊन आम्ही वाढलो, मग समुद्राच्या माशाला एवढं काय? खाऱ्या पाण्यात राहायचं तर पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ते थोपवायला खाऱ्या पाण्यातले बरेच जीव अंगात सुटी अमिनो आम्लं साठवतात, आणि तीच जिभेला गोडवा आणि भरीवपणा देतात. गोड्या पाण्यातल्या माशाला ही गरज कमी. उलट धरणातल्या शेवाळातून जिओस्मिन नावाचं द्रव्य त्याच्या चरबीत मुरतं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, तो याच द्रव्याचा. मातीत सुंदर, माशात चिखलट. आंबट पदार्थ त्याला मोडतो, म्हणून रोह्याला चिंच-लिंबू. आणि म्हणूनच आपला काळा मसाला रोह्याला शोभतो, तो चिखल झाकतो. तोच मसाला तांबोशीला घातलेला पाहिला की मला उठून जावंसं वाटतं. समुद्राचा मासा शिळा होताना जो वास येतो तो निराळ्या द्रव्याचा, त्याच्यावर कोकमाचं आंबट चालतं. ताज्याला तेही बेताचं पुरे.

लोक विचारतात, ट्रिप दिवाळीच्या सुट्टीत का नेत नाही? लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते. अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ इतकी की पाव किलोचं शिसंही तळाला टिकत नाही. खडपावर गरवायचं तर भांगाचं पाणी हवं, अष्टमीच्या आसपासचं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या निघतात, पण पाणी तेव्हा गढूळ असतं. कार्तिकातली अष्टमी येईपर्यंत जरा निवळतं, पहाटे वारा पडलेला असतो, आणि निवतीच्या दीपगृहापलीकडे सूर्य वर येईपर्यंत समुद्र तेल ओतल्यासारखा असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सुमारे २९ चौरस किलोमीटरचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे आम्ही गरी ओली करत नाही. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरच्या पुढे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, साधारण चाळीस किलोमीटर लांबीचं बुडालेलं पठार आहे, आंग्रिया बँक. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, त्यावर प्रवाळ. गिऱ्हाइकं तिथे न्या म्हणून मागे लागतात. आमच्या फायबरच्या होडीने नेणार नाही, आणि मोठी बोट मिळाली तरी मला तिथे गरी टाकायची इच्छा नाही. एकदा बघायचं मात्र आहे.

परवा एक रीळ आलं. मालक कॉलेज रोडचे, सज्जन गृहस्थ. म्हणाले, "तीस किलोचा गोब्रा होता हो, कपारीत गेला, शेवटी तंगूस तुटला." मी उघडलं. गिअरचे तीन दात उडालेले, दांडा वाकलेला. गोब्र्याचंच काम वाटलं. मग चकत्या काढल्या. एकदम कोऱ्या. गोब्रा पाच सेकंद का होईना ओढतो, गुंडी कितीही पिळलेली असली तरी एखादी चकती थोडी तरी झिजते. इथे एक ओरखडासुद्धा नव्हता. उरलेला तंगूस पाहिला, तो सगळीकडून सारखा ताणला गेलेला. जिवंत मासा झटके देतो, असा एकसारखा ताण देत नाही.

असा ताण फक्त खडप देतं. होडी पाण्याबरोबर सरकत होती आणि हे गृहस्थ गरी अडकलेल्या महाराष्ट्राच्या तळाशी लढत होते.

गिअर बदलला, दांडा सरळ केला, गोदावरीच्या पाण्याने रीळ धुऊन वाळत ठेवलं. ते न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "किती किलोचा असेल, तुमच्या अंदाजाने?"

"सांगता येणार नाही," मी म्हणालो. "पण मोठा होता."