पडलेल्याकडे पाहताना

वाई मागे पडली की पसरणीचा घाट लागतो. गेल्या हिवाळ्यात मी वडिलांना, आबांना, घेऊन हा घाट चढलो. आबांचे वय ८२. गुडघे दुखरे आणि रक्तदाबाची गोळी रोजची. तरी नातवाचा फुटबॉल सामना पाहायचाच, असा त्यांचा हट्ट होता. माझा भाचा पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिकतो. चौदा वर्षांखालील मुलांच्या आंतरशालेय स्पर्धेत तो खेळणार होता आणि प्रथमोपचारासाठी मैदानावर थांबण्याची विनंती मला झाली होती.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरचे हे गाव एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने विश्रांतीचे ठिकाण म्हणून वसवले. पुढे निवासी शाळा आल्या. १९१२ साली डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी येथे क्षयरुग्णांसाठी ‘बेल एअर’ आरोग्यधाम उभारले. क्षयावर प्रभावी औषध नव्हते, त्या काळात स्वच्छ हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती हाच उपचार होता. शाळा आणि आरोग्यधाम अशा दोन्हींचे हे गाव. त्या दिवशी मैदानावर मला या दोन्हींची आठवण व्हायची होती.

सकाळी हवेत चांगलाच गारठा होता. आबांना कानटोपी, स्वेटर आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची देऊन उन्हात बसवले. समोर तांबड्या मातीचे मैदान, कडेला सिल्व्हर ओकची उंच झाडे आणि मागे टेबल लँडच्या पठाराची काळसर कडा.

साखळीतला शेवटचा सामना होता. प्रतिस्पर्धी संघाला उपांत्य फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती. भाच्याच्या संघाला विजय आवश्यक होता. साहजिकच प्रतिस्पर्ध्यांनी आपली बहुतेक मुले गोलपुढे आणून ठेवली. आबा कुरकुरले, “ही मुले खेळतच नाहीत!” मला तसे वाटले नाही. बचाव हाही खेळच आहे. चांगला बचावपटू चेंडूवर झेप घेत नाही. चेंडू आणि गोल यांच्यामध्ये उभा राहतो, समोरच्याला कडेकडे ढकलत नेतो आणि सोबत्यांना परतायला वेळ मिळवून देतो. त्याला संयम लागतो, शिस्त लागते. पहिल्या अर्ध्या वेळात त्या मुलांनी हे उत्तम केले.

मध्यंतरानंतर मात्र बचावाची जात बदलली. चेंडू बाहेर गेला की तो आणायला कोणी धावेना. धक्का लागो न लागो, मुले जमिनीवर लोळू लागली. पंचांनी एकाला पिवळे कार्ड दाखवले, तरी पडणे थांबले नाही. हे मुलांनी शोधून काढलेले नाही; मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये ते जुने आहे. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधील हिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी, जर्मनीचा एक गोल झाल्यावर, उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवला. त्या निकालाने दोघेही पुढे गेले आणि अल्जीरिया बाहेर पडला. त्यानंतर गटातले अखेरचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. १९९२ मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यावर बंदी आली. नियम असे वेळकाढूपणाच्या मागे धावत असतात. पण खोटे पडणे नियमाने पूर्णपणे पकडता येत नाही, कारण दुखणे ज्याचे त्यालाच कळते.

सामना संपायला दहाएक मिनिटे उरली असताना प्रतिस्पर्ध्यांचा मधला बचावपटू हेडरसाठी उसळला. दोन डोकी एकमेकांवर आदळली आणि तो खाली पडला. कडेने आरोळ्या उठल्या. “ऊठ रे, नाटक पुरे!” त्यात एक ओळखीचा आवाज होता. आबांचा. आणि मी? प्रथमोपचाराची पेटी मांडीवर घेऊन पाच-सात सेकंद मी जागचा हललो नाही. तीस वर्षांच्या व्यवसायात ही पाच-सात सेकंदे मला शोभणारी नव्हती.

आमच्या भाच्याच्या संघाच्या कर्णधाराकडे त्या वेळी चेंडू होता आणि समोर गोलची वाट बरीच मोकळी होती. त्याने पडलेल्या मुलाकडे पाहिले आणि चेंडू मैदानाबाहेर मारून हात वर केला. मग मी धावलो.

मुलगा शुद्धीवर होता. गुण किती झाले, असे त्याने मला दोनदा विचारले. डोके दुखत होते, नजर स्थिर होत नव्हती. मेंदूला हादरा बसल्याची ही लक्षणे. अशा वेळी बेशुद्ध पडायलाच हवे असे नाही. चक्कर, उलटी, गोंधळ, धूसर दिसणे यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी पुन्हा खेळणे नाही. त्याचे प्रशिक्षक म्हणाले, “डॉक्टर, थोडीच मिनिटं राहिलीत.” मी नकार दिला. पहिला हादरा ओसरण्यापूर्वी दुसरा बसला तर तो जीवावर बेतू शकतो. त्याला तपासणीसाठी रुग्णालयात पाठवले. एक-दोन दिवस विश्रांती आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने खेळाकडे, हाच उपाय. आरोग्यधामाच्या या गावात विश्रांतीचे महत्त्व मला नव्याने पटले.

थ्रो मिळाल्यावर त्या संघाने चेंडू आमच्या मुलांना परत दिला. त्यानंतर शेवटपर्यंत कोणीही खोटे पडले नाही. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि भाच्याचा संघ बाहेर गेला.

संध्याकाळी भाचा रागावलेला होता. “मामा, तो गोल झाला असता! ते सारखे पडत होते, मग आम्हीच का थांबायचं?” माझ्याआधी आबा बोलले. “अरे, ते दहादा खोटं पडले म्हणून अकराव्यांदा मी ओरडलो. तेव्हा तो खरा पडला होता. तुझ्या कप्तानाने ओरडण्याआधी पाहिलं. मी पाहिलं नाही.” भाच्याचे समाधान झाले असे नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाची तब्येत विचारायला आजोबा आणि नातू दोघेही गेले. मुलगा ठीक होता.

घाट उतरताना मला माझे दवाखान्यातले रुग्ण आठवत होते. घरात रोज काही ना काही दुखते म्हणणारी आजी असते. हळूहळू घरच्यांचे कान बधिर होतात आणि एके दिवशी ती न्हाणीघरात पडते, तेव्हाही कोणीतरी म्हणते, “काही झालं नाही, उठा.” वृद्धांच्या डोक्याला लागलेला मार किरकोळ दिसला तरी कवटीच्या आत सावकाश रक्त साचू शकते, लक्षणे कधी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर धोका अधिक. म्हणून अशा व्यक्तीच्या डोक्याला मार लागला की त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणे, झटका किंवा हातापायांतील अशक्तपणा दिसल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. हीच सूचना मुलांनाही लागू आहे.

आणि आजी-आजोबांनो, नातवंडांचे सामने अवश्य पाहायला जा. गोळ्या, गरम कपडे, पाणी बरोबर ठेवा. चांगल्या बचावालाही टाळ्या द्या, तो समोरच्या संघाचा असला तरी. कोणी पडले तर मात्र क्षणभर गप्प राहून पाहा. खोटे पडणाऱ्याला पंच पाहून घेतील. खरे पडलेल्याला आधी आपण पाहायला हवे.